खोक्यातल्या कादंबऱ्या: एका हस्तकला गटातलं प्रकरण

गट साधाच होता. विणकाम, क्रोशे, भरतकाम, गोधड्या आणि थोडंफार कागदकाम करणाऱ्या वीसेक जणी, दोन पुरुष. महिन्यातून एकदा हातातलं काम घेऊन एकत्र बसायचं, अडलेला टाका दुसरीला दाखवायचा, उसवायची वेळ आली तर गप्पा मारत उसवायचं. धंदा कुणाचाच नाही, सगळा हौसेचा मामला. (अशा गटांत वारंवार दिसणाऱ्या गोष्टी मी इथे एकाच गटाच्या नावावर मांडल्या आहेत. तेव्हा ही मंडळी नेमकी कोण, याचा शोध घेण्यात अर्थ नाही.)

वाटून घेण्याची सवय या गटाला आधीपासून होती आणि पुढचं सगळं समजायला ती लक्षात ठेवावी लागते. एका टोपलीत उरलेली लोकर, अर्ध्या लड्या, चिंध्या, सुटी बटणं पडलेली असत. ज्याला हवं त्यानं न्यावं. कोणी टाकलं, कोणी नेलं, हे कुणी विचारत नसे. अवजारांचं मात्र वेगळं होतं. लोकरीचा गुंडा करायचं यंत्र, गोल सुयांचा संच, चांगली कात्री यांवर मालकाचं नाव असे. नेताना सांगून नेलं जाई आणि पुढच्या भेटीत ते परत येई. यातलं काहीच कुणी लिहून ठेवलेलं नव्हतं आणि तरी बिनबोभाट चाललं होतं. मग टोपलीशेजारी कादंबऱ्यांचं खोकं आलं.

खोकं कसं रुजलं

गटातल्या सर्वांत वयस्क मावशींना बारीक टाइप वाचवेना. त्या ऐकायच्या पुस्तकांकडे वळल्या आणि घरातल्या कादंबऱ्यांची पिशवी बैठकीत घेऊन आल्या. "न्या गं, ज्याला हवं ते. माझ्याकडे नुसती धूळ खातायत." त्या दिवशी बरीचशी पुस्तकं गेली. पुढच्या वेळी त्यांतली काही वाचून परत आली, शिवाय आणखी दोघींनी आपापल्या घरची आणली. बघता बघता खोकं ही बैठकीतली ठरलेली गोष्ट झाली.

हातांना काम असलं की डोक्याला गोष्ट लागते, हे काही नवीन नाही. क्यूबातल्या सिगारच्या कारखान्यांत १८६५ मध्ये कामगारांना मोठ्यानं वाचून दाखवण्याची प्रथा सुरू झाली. पानं वळणारे हात चालू असायचे आणि उंच बैठकीवरचा वाचक वर्तमानपत्र, मग कादंबरी वाचत राहायचा. त्या वाचकाचं मानधन कामगारच वर्गणी काढून देत. हस्तकलेच्या बैठकीत असा वाचक नसतो, पण गप्पा असतात. त्या गप्पांत "पहिली पन्नास पानं नेटानं काढ, मग सोडवत नाही" असं समोर बसून कुणी सांगितलं की पुस्तक उचललं जातं. पाठीमागच्या मजकुरापेक्षा हे वाक्य जास्त चालतं, कारण सांगणारीची आवडनिवड आपल्याला ठाऊक असते. खून-तपासाच्या कादंबऱ्या कुणी न्यायच्या आणि तीन पिढ्यांच्या कुटुंबकथा कुणी, हे दोन-तीन भेटींत सगळ्यांना कळलं होतं.

एक अडचण मात्र पहिल्यापासून होती, तिच्याकडे कुणाचं लक्ष गेलं नाही. सरळ सुलट-उलट ओळी चालू असतील तर कानांवर गोष्ट पडत राहू शकते. छापील कादंबरीला दोन्ही हात द्यावे लागतात. म्हणजे विणणारी बाई कादंबरी वाचते ती विणकाम बाजूला ठेवून. अशा माणसाकडे पुस्तक रेंगाळणारच. महिन्याच्या महिन्याला वाचून परत, हा हिशेब या मंडळींना कधीच लागू पडणार नव्हता.

दुसरा भाग

भरतकाम करणाऱ्या एक ताई होत्या. त्यांच्याकडे तीन भागांची एक कौटुंबिक कादंबरी होती. पहिला भाग त्यांनी एका मैत्रिणीला वाचायला दिला होता, तो वाचून परत आला होता. आता दुसरा द्यायचा होता, पण नेमकी त्या दिवशी ती मैत्रीण बैठकीला आली नाही. पुस्तक पुन्हा घरी कशाला न्या, म्हणून ताईंनी ते खोक्यात ठेवलं. पुढच्या वेळी ती आली की घेईल, असा त्यांचा विचार. तो त्यांनी कुणाला सांगितला नाही, कारण सांगण्यासारखं त्यात काही आहे असं त्यांना वाटलंच नाही.

गटात नव्यानं आलेली एक क्रोशेवाली मुलगी त्या दिवशी खोकं चाळत होती. मधलाच भाग आहे हे तिला कळलं, पण पहिली काही पानं वाचून ती अडकली. तिनं पुस्तक नेलं, आठवड्याभरात संपवलं आणि कामाच्या ठिकाणच्या सहकाऱ्याला दिलं. त्यानं पुढे कुणाला दिलं ते त्यालाही नीट आठवेना.

पुस्तकाच्या पहिल्या कोऱ्या पानावर ताईंच्या भावानं भेट देताना लिहिलेल्या चार ओळी होत्या.

पुढच्या बैठकीत बोलणं झालं ते साधारण असं. ताई म्हणाल्या, "अगं, तो दुसरा भाग होता. पहिला आणि तिसरा माझ्याकडे आहेत. मधलाच कोण कशाला देऊन टाकेल?" मुलगी म्हणाली, "ताई, खोक्यात होतं ना ते. खोक्यातलं परत करायचं असतं हे मला कुणी सांगितलंच नाही." ताई पुढे काही बोलल्या नाहीत. मुलीनं पुस्तक शोधायचा प्रयत्न केला, पण ते मिळालं नाही.

इथे थांबून पाहायला हवं, कारण पुढे जे जे बिनसलं त्याचं मूळ इथे आहे. दोघींपैकी चूक कुणाची? मला तरी दोघींपैकी एकीचीही ठरवता येत नाही. ताईंच्या मनात खोकं म्हणजे ठेवायची जागा होती. आपण आपलं पुस्तक तिथे ठेवलं म्हणून ते आपलं राहिलं नाही, असं थोडंच होतं? मुलगी गटात आली तेव्हा तिनं लोकरीची टोपली पाहिली होती आणि शेजारचं खोकं त्याच नियमानं चालणार असं तिनं धरलं. ताईंनी कादंबरी अवजाराच्या हिशेबानं ठेवली आणि मुलीनं ती उरलेल्या लोकरीच्या हिशेबानं उचलली. जुन्या कादंबरीचं हेच अवघड आहे. ती दोन्हींत बसते. वाचून झालेली, पुन्हा न लागणारी प्रत ही उरलेल्या लडीसारखी देऊन टाकण्याजोगी. पण तिच्यावर कुणाचं नाव, कुणाच्या ओळी, कुणाची खूण असली की ती परत यायची वस्तू होते. आणि बाहेरून पाहणाऱ्याला दोन्ही सारखीच दिसतात.

"पहिल्या पानावर ओळी होत्या, तेवढ्यावरून तिला कळायला हवं होतं" असं गटात काहींचं म्हणणं पडलं. मला ते पटत नाही. जुन्या पुस्तकांत अशा ओळी कायम सापडतात. मावशींनी देऊन टाकलेल्या निम्म्या पुस्तकांवरही कुणी ना कुणी लिहिलेलं होतंच.

खोकं भरत गेलं

भांडण झालं नाही. झालं असतं तर बरं, कारण मग लगेच काहीतरी ठरलं असतं. झालं ते वेगळंच. लोकांनी चांगली पुस्तकं खोक्यात ठेवणं बंद केलं. जी गेली तरी चालतील अशीच यायला लागली: प्रवासात घेतलेली आणि अर्धवट सोडलेली, एकाच कादंबरीच्या दोन प्रतींपैकी दुसरी, पाठ तडकलेली, मध्येच पानं सुटलेली. उचलण्यासारखं कमी झालं, म्हणून उचलणारे कमी झाले. ठेवणारे मात्र कमी झाले नाहीत, कारण घरातली अडगळ काढायला ती सोयीची जागा होती. बाहेरून पाहिलं तर खोकं काठोकाठ भरलेलं, म्हणजे उपक्रम जोरात.

एखादा वाटपाचा उपक्रम ठीक चाललाय का, हे किती पुस्तकं जमली यावरून कधीच ठरवू नये. दर भेटीत किती उचलली जातात, एवढंच पाहावं. उचललं न जाणारं पुस्तक काढून टाकायला इथे कुणी धजावत नव्हतं, कारण ते शेजारी बसलेल्या कुणीतरी दिलेलं असायचं. तिच्यादेखत तिचं पुस्तक रद्दीच्या ढिगात कसं घालायचं? ही भीड प्रेमातूनच आली होती, आणि तिनंच खोकं तुंबवलं.

वही

समन्वयक बाईंनी पहिला उपाय केला तो आपण कुणीही केला असता. वही घातली. पुस्तकाचं नाव, देणारी, नेणारी, तारीख, परत कधी.

वही का टिकली नाही हे तिची पानं पाहिली की कळतं. पहिलं पान नीटनेटकं. दुसऱ्यावर "निळं जाडं पुस्तक" अशी नोंद. तिसऱ्यावर नुसती नावं, तारखा नाहीत. बैठकीत सगळ्यांचे हात गुंतलेले, निघताना घाई, आणि वही लिहायची कुणी हे ठरलेलं नाही. पण खरा अडथळा परतीच्या तारखेचा होता. या मंडळींच्या घरी आधीच अर्धवट राहिलेल्या कामांचा ढीग असतो. एक बाही झालेला स्वेटर, कडा राहिलेली गोधडी, चार रंग भरून सोडलेलं भरतकाम. त्यात तारीख लावलेली कादंबरी आली की तीही त्याच ढिगात जाते आणि वाचायच्या आधीच तिचं ओझं वाटतं. तारीख चुकलेल्या एक-दोघी बैठकीला यायच्याच टळल्या. पुस्तकापायी माणूस गमावणं हा सौदा कुणालाच परवडणारा नव्हता.

अनामत घ्यावी, असंही कुणीतरी सुचवलं. त्यावर गटातल्या कागदकाम करणाऱ्या गृहस्थांनी बेंजामिन फ्रँकलिनचा दाखला दिला, आणि तो इथे इतका चपखल आहे की सविस्तर सांगायला हवा. फ्रँकलिननं फिलाडेल्फियात १७२७ साली काही मित्रांचं एक चर्चामंडळ काढलं. त्यात काचकाम करणारा, चांभारकाम शिकलेला, सुतारकाम करणारा अशी हातानं काम करणारी माणसं होती. चर्चेत संदर्भ लागतात म्हणून सगळ्यांनी आपापली पुस्तकं बैठकीच्या खोलीत एकत्र आणून ठेवावीत असं ठरलं. पुस्तकं प्रत्येकाची आपापली, जागा तेवढी सामाईक. हा बेत सुमारे वर्षभरातच मोडला. पुस्तकांची नीट निगा राहत नव्हती, म्हणून प्रत्येकानं आपली पुस्तकं घरी परत नेली, असं त्यानं आत्मचरित्रात नोंदवलं आहे. मग १७३१ मध्ये त्यानं दुसरी व्यवस्था उभी केली: ५० वर्गणीदार, वर्गणीतून विकत घेतलेली सामाईक मालकीची पुस्तकं, आणि नेलेलं पुस्तक परत न केल्यास दुप्पट किंमत भरण्याची लेखी हमी. ती संस्था आजही आहे.

गृहस्थांना यातून अनामतीचं समर्थन करायचं होतं. मला त्यातून उलटंच दिसतं. दुप्पट किमतीची हमी चालली, कारण तिथे पुस्तकं संस्थेची झाली होती आणि ती सांभाळायला नेमलेलं माणूस होतं. मोडला तो पहिला बेत, ज्यात मालकी खासगी आणि जागा सामाईक होती. ताईंच्या दुसऱ्या भागाचं जे झालं ते नेमकं हेच. वीस जणींच्या हौशी गटाला ग्रंथालय व्हायचं नसेल तर त्यांनी अनामतीच्या मागे लागू नये. खासगी मालकीचं पुस्तक सामाईक जागेत ठेवूच नये, एवढं केलं तरी पुरे.

कापडी पट्टी

वही बंद झाली. तिच्या जागी जे आलं त्याची सुरुवात कुणीतरी थट्टेत केली होती: "लोकरीचा तुकडा बांधा पुस्तकाला, म्हणजे कळेल कुणाचं ते." सूचना गटाच्या हातातली होती, म्हणून ती टिकली.

ठरलं ते असं. खोक्यात ठेवलेलं पुस्तक ठेवणाऱ्यानं सोडलं. ते नेणारीचं झालं. तिनं वाचावं, ठेवावं, पुढे द्यावं, हवं तर विकावं. ठेवण्याआधी आपलं नाव आपणच खोडायचं किंवा त्यावर कागदाची पट्टी चिकटवायची. भेटीच्या ओळी तशाच राहू द्यायला हरकत नाही, पण त्या जिच्यासाठी लिहिल्या तिला त्या सोडवणार आहेत का, हा विचार त्या क्षणी आपोआप होतो. नाव खोडताना हात थबकला तर ते पुस्तक खोक्यातलं नाही, एवढं समजावं.

परत हवं असलेलं पुस्तक खोक्यात जात नाही. ते एका हातातून दुसऱ्या हातात जातं आणि त्याला कापडाची पट्टी बांधलेली असते. पट्टी प्रत्येकीनं आपली शिवायची, आपल्या कापडातून, म्हणजे कुणाची ते लांबूनही ओळखू येतं. पट्टी असलेलं पुस्तक तिसऱ्या माणसाला द्यायचं नाही. तारीख नाही. देणारीला पुस्तक परत हवंसं वाटलं तर तिनं तोंडानं मागायचं, आणि मागितलं म्हणून नेणारीनं वाईट वाटून घ्यायचं नाही. हे शेवटचं सगळ्यांत अवघड गेलं, अजूनही जातं.

पट्टी लोकरीऐवजी कापडाची का, याला कारण आहे. दोरा किंवा लोकर घट्ट आवळली की पुठ्ठ्याच्या आणि पानांच्या कडेत रुतते. म्हणूनच अभिलेखागारांत सुटी झालेली पुस्तकं बांधायला सुती सपाट नाडी वापरतात आणि गाठ कडेच्या बाजूला घेतात. बोटभर रुंदीची पट्टी, सैल फुली मारून बांधलेली, पुरते.

न उचललेल्या पुस्तकांचंही ठरलं. सलग तीन बैठका जे पुस्तक कुणी उचललं नाही ते बाहेर काढायचं. कोणी काढायचं हा प्रश्न भिडेचा होता, म्हणून त्याची पाळी लावली. पाळी असली की काढणारीचा राग येत नाही. पहिल्याच फेरीत खोकं अर्ध्याहून कमी झालं आणि उरलेल्यांतली पुस्तकं दिसायला लागली.

लोकरीशेजारी पुस्तकं

या प्रकरणातला एक भाग कुणाच्या मनाशी संबंधित नाही, निव्वळ दमटपणाशी आहे. खोकं लोकरीच्या टोपलीला टेकून ठेवलं जात होतं. एकदा तळघरात बरीच वर्षं पडलेली पुस्तकं त्यात आली, त्यांना बुरशीचा वास होता, आणि पुढच्या भेटीत टोपलीतली लोकर त्याच वासाची झाली. लोकर वास पटकन धरते आणि सोडायला वेळ घेते. सिगारेटच्या धुराचंही तसंच.

पिवळं पडलेलं पान म्हणजे आजारी पान नव्हे. लाकडाच्या स्वस्त लगद्यात लिग्निन राहून जातं, ते प्रकाश आणि हवेनं पिवळं-तपकिरी होतं. अशा पुस्तकाशेजारी लोकर ठेवायला हरकत नाही. घाबरायचं ते दमट वासाला, करड्या-हिरव्या ठिपक्यांना आणि बोटांना लागणाऱ्या भुकटीला. हवेतली सापेक्ष आर्द्रता ६५ टक्क्यांच्या वर बराच काळ राहिली की बुरशीला मोकळं रान मिळतं. संशयास्पद पुस्तक घरात आणण्याआधी उघड्यावर, कोरड्या सावलीत पानं फुलवून ठेवावं, आणि बुरशी प्रत्यक्ष दिसत असेल तर वाटपात आणूच नये.

किड्यांचं म्हणाल तर पुस्तकातली चंदेरी कसर आणि लोकर खाणारी पतंगाची अळी हे वेगळे प्राणी आहेत. पहिलीला खळ, पिठूळ डिंक आणि कागद आवडतो. दुसरीला लोकर, पिसं, केस. म्हणजे पुस्तकातून लोकरीला थेट कसर लागेल ही भीती बरीचशी अनाठायी. पण खोकं आणि टोपली दोन्ही अनेक घरांतून फिरतात, त्यामुळे अंडी कुठून कुठे जातील ते सांगता येत नाही. शंका असेल तर पुस्तक किंवा लडी हवाबंद पिशवीत घालून घरच्या फ्रीझरमध्ये, साधारण उणे १८ अंश सेल्सिअसला, दोन आठवडे ठेवतात. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडायची नाही. आतली वस्तू खोलीच्या तापमानाला आल्यावरच उघडायची, नाहीतर थंड कागदावर पाणी सुटतं आणि एका त्रासातून दुसऱ्यात पडायला होतं. या उपायानं किडे मरतात. बुरशी नुसती थिजते.

हस्तकलावाल्यांची पुस्तकं एका विशिष्ट तऱ्हेनं मोडतात, हेही या खोक्यामुळे कळलं. पुस्तक उलटं पालथं टाकणं, किंवा सपाट उघडून त्यावर कात्री नाहीतर भरतकामाची रिंग ठेवणं, म्हणजे हात मोकळे. पेपरबॅकची पानं पाठीकडून तासून वितळलेल्या कृत्रिम डिंकानं जोडलेली असतात. डिंक जुना होऊन कडक झाला की असं सपाट दाबल्यावर पाठ एका जागी तडकते आणि मधली पानं सुटतात. त्यावर सेलोटेप लावण्याचा मोह होतो. ती काही वर्षांत पिवळी पडते, तिचा चिकटा कागदात उतरतो आणि पुढे कुणाला नीट दुरुस्ती करायची म्हटली तरी करता येत नाही. सुटलेल्या पानाच्या कडेला पांढऱ्या डिंकाची केसाइतकी बारीक रेघ, दोन्ही बाजूंना बटर पेपर आणि रात्रभर वजन, एवढं बहुतेक वेळा भागतं. हे ज्यांच्या हातांना येतं तेच लोक सेलोटेप लावत होते, ही गंमतच म्हणायची.

कापायचं की नाही

खोक्यातून बाहेर काढलेल्या पुस्तकांचं करायचं काय, यावर गटात दोन तट पडले. कागदकामवाल्या गृहस्थांना ती हवी होती: पानं दुमडून आकार करायला, फुलं कापायला, पुठ्ठ्यांच्या वह्या बांधायला. निम्म्या गटाला ही कल्पनाच सहन होईना. "वाचून झालेलं पुस्तक कापायचं?" त्यावर त्यांचा प्रश्न सरळ होता: "तीन महिने कुणी हात लावला नाही, रद्दीत गेलेलं चालेल, आणि माझ्या कात्रीखाली आलेलं चालणार नाही?"

वाद बराच चालला आणि खरं सांगायचं तर पुस्तकांबद्दलच्या भक्तीचा भाग त्यात अधिक होता. तोडगा निघाला तो भक्तीला थोडी जागा ठेवून. पानं गहाळ असतील, किंवा पाठ दुरुस्तीपलीकडे गेली असेल, तर ते कागदकामाला. पूर्ण आणि वाचण्याजोगी प्रत आधी एखाद्या ग्रंथालयाला किंवा दुसऱ्या वाचनगटाला विचारायची, नको म्हणाले तर मग कागदकामाला. बुरशी लागलेलं मात्र कुणालाच नाही. आता गृहस्थ गोधडीवाल्यांना चिडवतात की तुम्ही आजीची साडी कापता तेव्हा कुठे जातो हा जीव? त्याला अजून कुणी समाधानकारक उत्तर दिलेलं नाही.

प्रत आणि नक्कल

खोकं तुंबलेलं असताना कुणीतरी गटाच्या संदेशांवर एका नव्या कादंबरीची पीडीएफ टाकली. हेतू चांगलाच: सगळ्यांना एकदम वाचता येईल. समन्वयक बाईंनी ती काढायला लावली, आणि "जुनं पुस्तक फिरवलेलं चालतं, मग हे का नाही?" हा प्रश्न उभा राहिला.

फरक प्रतीच्या संख्येचा आहे. छापील पुस्तक मी तुम्हाला दिलं की माझ्याकडे राहत नाही. एक प्रत विकली गेली होती, एकच प्रत फिरते आहे. १९०८ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापुढे असंच प्रकरण आलं होतं. एका कादंबरीच्या प्रकाशकानं पुस्तकावरच छापलं होतं की एक डॉलरपेक्षा कमी किमतीत विकल्यास तो स्वामित्वहक्काचा भंग मानला जाईल. न्यायालयानं ते मान्य केलं नाही. प्रत एकदा विकल्यावर तिच्या पुढच्या विक्रीवर या हक्काच्या जोरावर ताबा ठेवता येत नाही, असा त्याचा निर्णय झाला. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातही लोकांना प्रती उपलब्ध करून देण्याचा हक्क सांगताना आधीपासून वितरणात असलेल्या प्रती त्यातून वगळल्या आहेत. पीडीएफ पाठवली की मात्र नवी नक्कल तयार होते आणि मूळही पाठवणाऱ्याकडे राहतं. विकत घेतलेलं ई-बुकसुद्धा असं पुढे विकता येतं का, हा प्रश्न युरोपियन संघाच्या न्यायालयापुढे गेला होता. २०१९ मध्ये त्यानं छापील पुस्तकाची मोकळीक ई-बुकाला दिली नाही.

गटाला हे कायद्यापेक्षा नमुन्यांमुळे लवकर पटलं. विणकामाचे आणि क्रोशाचे नमुने बनवणाऱ्यांची तक्रार सगळ्यांना माहीत असते: एकीनं नमुना विकत घ्यायचा आणि चाळीस जणींनी त्याची नक्कल वापरायची. नमुन्याचं छापील पुस्तक उसनं देणं वेगळं, त्याची पानं स्कॅन करून वाटणं वेगळं, हा भेद त्या आधीपासून पाळत होत्या. कादंबरीच्या बाबतीत तो कुणाला सुचला नव्हता इतकंच.

सध्या

ताईंचा दुसरा भाग सापडला नाही. क्रोशेवाल्या मुलीनं त्याच कादंबरीची दुसरी जुनी प्रत मिळवून आणून दिली. ताईंनी ती घेतली, तीन भाग पुरे झाले, आणि दोघींचं बोलणंही पूर्ववत झालं. भावाच्या ओळींबद्दल पुन्हा कुणी विषय काढला नाही.

नव्या नियमांची पहिली कसोटी लागली ती जुन्या पुस्तकांच्या दुकानात. खोक्यातून गेलेली एक कादंबरी तिथे विक्रीला दिसली. मूळ देणारीला वाईट वाटलं आणि तिनं बैठकीत ते बोलून दाखवलं. पूर्वी यावरून महिनाभर कुजबुज झाली असती. या वेळी समन्वयक बाईंनी एवढंच विचारलं, "पट्टी होती का?" नव्हती. विषय तिथेच मिटला. वाईट वाटणं अर्थातच मिटलं नसावं, पण त्याला नियम करता येत नाही.

पट्टीवाली पुस्तकं थोडी फिरतात आणि चांगली असतात. खोक्यातली जास्त फिरतात आणि मिश्र असतात. अडून राहिलेत ते मालिकांचे सुटे भाग. संपूर्ण संच असेल तरच खोक्यात, एकत्र बांधून, असं ठरलं आहे. सुटा भाग हातोहात. तरीही एका सहा भागांच्या गुप्तहेर मालिकेचा पहिला भाग या वर्षी तिघींकडे फिरून आला, तिघींनाही दुसरा हवा आहे, आणि गटात त्याची एकच पट्टीवाली प्रत आहे. दोघींनी चिठ्ठी टाकायचं कबूल केलं. तिसरीनं वाट न पाहता नवा विकत घेतला.